ज्या गावाला आपलंच काम माहीत नव्हतं

मागच्या अंकात मी बोलता बोलता अमेरिकेतल्या ओक रिज या गावाचा दोन ओळींत उल्लेख केला होता, की दुसऱ्या महायुद्धात तिथं ७५,००० लोकांचं शहर उभं राहिलं, ते नकाशावर नव्हतं, आणि तिथल्या बहुतेकांना आपण काय बनवतोय हेच माहीत नव्हतं. त्या दोन ओळींवर एवढे मेसेज आणि पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलले आणि सगळी जागा ओक रिजला दिली. संत्र्याच्या कलमांबद्दल विचारणाऱ्यांनी राग मानू नये, त्यांचं उत्तर तयार आहे.

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिलं ते वाचून विश्वासच बसून नाही राह्यला. माझे सासरे डिफेन्समधून रिटायर झाले, आमची ३० वर्षं क्वार्टरमध्ये गेली, आतलं बाहेर बोलायचं नाही हे आम्हालाही होतंच. पण काय बनतं ते तरी माणसाला माहीत असतं ना? एवढ्या लोकांपासून लपवलं कसं?
— एक वाचक, वाडी

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र वाचून मला आमचं घर आठवलं. माझे बाबाही फॅक्टरीतच होते. लहानपणी आम्ही विचारायचो, बाबा आज काय केलं, तर ते डबा ओट्यावर ठेवत म्हणायचे, "काम." बस, एवढंच. पण तुम्ही म्हणता ते खरंय, बाबांना स्वतःला माहीत होतं. ओक रिजमध्ये फरक इथेच होता.

आधी गाव कसं झालं ते सांगते. सप्टेंबर १९४२ मध्ये जनरल लेस्ली ग्रोव्ह्‌ज यांच्याकडे अणुबॉम्बच्या प्रकल्पाची, म्हणजे मॅनहॅटन प्रोजेक्टची सूत्रं आली आणि त्यानंतर दोनच दिवसांत टेनेसी राज्यातली क्लिंच नदीकाठची जवळपास ५९,००० एकर जमीन नक्की झाली. ५९,००० एकर म्हणजे किती, तर साधारण आपल्या नागपूर महापालिकेच्या हद्दीएवढी जागा. जवळचं मोठं शहर नॉक्सव्हिल, आपल्याला नागपूरहून रामटेकला जायला जेवढं अंतर पडतं त्याहून थोडं कमीच. तीच जागा का, तर धरणांची वीज हाताशी होती, नदीचं पाणी होतं, रेल्वे होती, समुद्रकिनाऱ्यापासून लांब होतं, वस्ती विरळ होती, आणि मुख्य म्हणजे टेकड्यांच्या लांबच लांब रांगा आणि त्यांच्यामध्ये दऱ्या. एकेका दरीत एकेक कारखाना टाकायचा, म्हणजे एका ठिकाणी काही फुटलं तरी मधली टेकडी पलीकडच्यांना वाचवेल.

कारखान्यांना नावंही अशी दिली की ऐकून काही कळूच नये. वाय-१२, के-२५, एक्स-१०, एस-५०. गाव आधी १३,००० लोकांसाठी आखलं होतं, १९४५ पर्यंत ७५,००० झाले, म्हणजे लोकसंख्येनं ते राज्यातलं पाचव्या नंबरचं शहर होतं आणि तरी नकाशावर नाही! शाळा, दवाखाना, सिनेमा, नाचाचे हॉल, बस, सगळं होतं. घरांना तुमच्या क्वार्टरसारखेच टाईप होते, ए, बी, सी, डी असे, हुद्दा काय आणि घरात माणसं किती त्यावर ठरायचं. घरांच्या भिंती सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या फळ्यांच्या. रस्ते मात्र व्हायचे होते, त्यामुळे जिकडे तिकडे चिखल, त्या काळच्या प्रत्येक आठवणीत चिखल येतोच, नाचायला जाताना बायका चांगले सँडल हातात घेऊन निघायच्या. आपल्याकडे काळ्या मातीच्या ले-आउटमध्ये पहिल्या पावसाळ्यात घर बांधणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता लपवलं कसं. लोकांना वाटतं की कडक पहारा होता म्हणून. पहारा तर होताच. कुंपण होतं, सात गेट होती, १२ वर्षांवरच्या प्रत्येकाला बॅज लागायचा, साध्या रहिवाशांमधून काही जण निवडून त्यांना गुपचूप कानावर आलेलं कळवायला सांगितलेलं असायचं, त्यामुळे शेजारचा माणूस कोण आहे हे कोणालाच नक्की माहीत नसायचं. मोठमोठे बोर्ड लावलेले, की इथं जे पाहाल, जे कराल, जे ऐकाल ते जाताना इथंच ठेवून जा. पण माझ्या मते पहाऱ्यापेक्षा मोठी युक्ती दुसरीच होती. काम एवढं बारीक तुकड्यांत वाटलं की कुणाच्याच हातात सांगण्यासारखं काही उरलं नाही. ज्याला व्हॉल्व्ह दिला त्याला व्हॉल्व्ह माहीत, ज्याला पाइप दिला त्याला पाइप. युरेनियम हा शब्दसुद्धा तोंडात येऊ द्यायचा नाही, त्याला ट्यूबॲलॉय म्हणायचं.

तिथल्या लाँड्रीत काम करणाऱ्या एका बाईनं पुढे सांगितलेली आठवण आहे, ती मला फार लागते. कामगारांचे कपडे धुऊन, इस्त्री होऊन तिच्याकडे यायचे. एका यंत्रासमोर तो कपडा धरायचा, टिकटिक आवाज आला की परत धुवायला टाकायचा, नाही आला की पुढे द्यायचा. दिवसभर हेच. टिकटिक कशाची, ते तिला कोणी सांगितलं नाही. आपल्याला आता माहीत आहे की ते यंत्र किरणोत्सर्ग मोजत होतं. त्या बाईला तेव्हा विचारलं असतं की तुमच्या गावात काय बनतं, तर ती खोटं न बोलता म्हणाली असती, मला माहीत नाही. वहिनी, गुपित पोटात ठेवलेल्या माणसाकडून ते कधीतरी सुटतं, इथं पोटात काही जाऊच दिलं नव्हतं.

लोक मात्र बघत होते. मालगाड्या भरभरून आत येतात आणि रिकाम्या परत जातात, बाहेर तर काहीच निघत नाही, मग हे बनवतात तरी काय? निघत होतं, पण चहाच्या कपाएवढ्या डब्यात. साध्या कपड्यातले लष्करी अधिकारी सेल्समनसारखी बॅग घेऊन नेहमीच्या पॅसेंजर गाडीनं शिकागोला जायचे, तिथून ती बॅग पुढे, बॉम्ब जिथं बनत होता त्या न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसला.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. आमच्या सरांनी सांगितलं की त्या कारखान्यात तांब्याऐवजी चांदीच्या तारा वापरल्या होत्या आणि मशीन चालवायला बारावी झालेल्या मुली होत्या. हे खरंय की असंच?
— एक विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : दोन्ही खरंय, आणि तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग.

निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये बॉम्बला लागणारं युरेनियम-२३५ शंभरात एक भागसुद्धा नसतं, ०.७ टक्के. बाकी जवळपास सगळं २३८. दोन्ही रासायनिकदृष्ट्या सारखेच, त्यामुळे अ‍ॅसिड टाकून वेगळं करता येत नाही, फरक फक्त वजनाचा आणि तोही अगदी थोडा. आता व्हेरायटी चौकात उभा राहा आणि वळणाऱ्या गाड्या बघ. एकाच मॉडेलच्या दोन स्कूटर सारख्याच स्पीडनं वळल्या, एकीवर एकटा पोरगा आणि दुसरीवर मागं सिलेंडर बांधलेलं, तर सिलेंडरवाली जराशी बाहेरून, मोठं वळण घेऊन जाते. वाय-१२ मधल्या कॅल्युट्रॉन नावाच्या यंत्रात हेच केलं. युरेनियमचे विद्युतभारित कण हवा काढलेल्या टाकीत प्रचंड चुंबकाच्या ताकदीनं वळवायचे, हलका २३५ आतून वळतो, जड २३८ बाहेरून, आणि शेवटी दोघांसाठी दोन वेगळे कप्पे. कल्पना अर्नेस्ट लॉरेन्स या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाची. ऐकायला सोपं, पण एका टाकीतून मिळणार चिमूटभरापेक्षा कमी, म्हणून अशा १,१५२ टाक्या लावल्या, लंबगोल रांगांमध्ये, घोड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकसारख्या दिसायच्या म्हणून त्यांना रेसट्रॅकच म्हणायचे. चुंबक एवढे जबरदस्त की जवळून जाणाऱ्या बाईच्या केसातली पिन ओढली जायची.

त्या चुंबकांच्या गुंडाळ्यांना हजारो टन तांबं लागणार होतं आणि तांबं तर युद्धात काडतुसांना चाललेलं. मग कोणीतरी म्हटलं, चांदी चालेल, वीज तर तांब्यापेक्षा चांगली वाहते. म्हणून प्रकल्पातले एक लष्करी अधिकारी, कर्नल केनेथ निकोल्स, १९४२ मध्ये सरकारच्या तिजोरी खात्यात गेले आणि टनांत चांदी मागितली. तिथले साहेब डॅनियल बेल त्यांच्यावर नाराजच झाले, म्हणाले की तुम्ही भले टनांत मोजा, आमच्याकडे चांदी औंसांतच मोजतात. इतवारीतल्या सराफ्यात जाऊन कोणी दोन ट्रक चांदी द्या म्हटलं तर समोरचा काय करेल, तसंच झालं असणार. शेवटी एकूण १४,७०० अमेरिकी टन, म्हणजे आपल्या हिशेबानं एक कोटी तीस लाख किलोंच्या वर चांदी उसनी मिळाली. कामाच्या ठिकाणी खाली कागद अंथरून कीससुद्धा गोळा केला, आणि युद्ध संपल्यावर हळूहळू परत करत शेवटची चांदी १९७० मध्ये तिजोरीत गेली. घट अगदी नगण्य. सरकारी उसनवारी इतकी चोख परत झालेली मी दुसरीकडे वाचली नाही.

आता मुली. एड वेस्टकॉट नावाचा एकच अधिकृत फोटोग्राफर त्या गावात होता, त्याचा एक फोटो नेटवर तुला सहज सापडेल, नक्की बघ. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच पॅनल, आणि प्रत्येक पॅनलसमोर उंच स्टुलावर पाठ ताठ करून बसलेली एकेक मुलगी, केस नीट बांधलेले, नजर काट्यावर. आजूबाजूच्या खेड्यांतल्या, नुकत्याच हायस्कूल झालेल्या मुली या. (सरांनी बारावी म्हटलं ते बरोबरच.) त्यांना शिकवलं काय, तर काटा या दोन खुणांच्या मध्ये राहिला पाहिजे, इकडे सरकला तर हे बटण एवढं फिरवायचं, तिकडे गेला तर ते, ऐकत नसेल तर सुपरवायझरला हाक मारायची. काटा कशाचा हे विचारायचं नाही. त्या बिचाऱ्या आठ आठ तास युरेनियम वेगळं करत बसायच्या आणि युरेनियम हा शब्दच त्यांनी ऐकलेला नव्हता.

लॉरेन्सना वाटलं, एवढं नाजूक यंत्र, माझे पीएचडी झालेले लोकच ते नीट चालवतील. निकोल्स म्हणाले मुलींचं काम जास्त निघतंय. मग पैजच लागली, कोण जास्त माल काढतो. मुली जिंकल्या. याचं कारण नेहमी असं दिलं जातं की शास्त्रज्ञ काटा जरा हलला की तो का हलला ते शोधत बसायचे आणि मुली शिपायासारखा हुकूम पाळायच्या. मला हे स्पष्टीकरण अर्धवट वाटतं. काट्याकडे आठ तास एकसारखं लक्ष देणं आणि हात किती फिरवायचा ते बोटांना कळणं, हे कसब आहे, ते हुकूम पाळून येत नाही. पैठणी विणणाऱ्या बाईला आपण हुकमाची ताबेदार म्हणतो का? मग यांनाच का म्हणायचं. चुकलं ते एवढंच की ज्यांच्या हातांवर एवढा विश्वास टाकला त्यांच्या डोक्यावर टाकला नाही. त्या फोटोत पुढे बसलेल्या मुलीला आपण तिथं काय करत होतो ते जवळजवळ ५० वर्षांनी, म्हातारपणी, स्वतःचाच फोटो पाहून कळलं.

के-२५ ची पद्धत वेगळी होती, युरेनियमचा वायू करून तो अतिबारीक छिद्रांच्या पडद्यांतून हजारो वेळा गाळायचा. ती इमारत इंग्रजी यू अक्षरासारखी, एकेक बाजू जवळपास ८०० मीटर, त्या वेळी जगातली सगळ्यात मोठी. आत कामगार सायकलनं फिरायचे. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर.

प्रश्न : नकाशावर गाव नव्हतं म्हणता, पण त्या जागी आधी कोणी राहत असेलच ना? आमचं माहेरचं गाव धरणात गेलं, म्हणून माझं लक्ष तिकडेच जाते.
— एक वाचक, भंडारा रोड, नागपूर

उत्तर : काकू, तुमचा एकच प्रश्न असा होता जो बाकी कोणीही विचारला नाही, म्हणून तुमचे आभार.

राहत होते. व्हीट, स्कारबोरो, रॉबर्ट्‌सव्हिल, एल्झा अशी गावं होती, सगळी मिळून साधारण ३,००० माणसं. शेती, फळबागा, गाईगुरं, शाळा, चर्च, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कबरी. १९४२ च्या शेवटी शेवटी त्यांच्या दारांवर नोटिसा लागल्या, काहींना तर फक्त दोन-तीन आठवड्यांची मुदत. हिवाळ्याचे दिवस, ट्रक मिळेना, पेट्रोलवर रेशन, टायर मिळत नव्हते, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनाच एकदम जागा हवी म्हणून शेजारच्या जमिनीचे भाव वर चढले. मिळालेल्या पैशात तेवढी जमीन परत घेणं जमलंच नाही बहुतेकांना. काहींचे पैसे तर घर सोडल्यावर कितीतरी दिवसांनी हातात पडले. १९४३ मध्ये भावाबद्दलच्या तक्रारी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपर्यंत गेल्या, पण तोपर्यंत घरांवर बुलडोझर फिरून झाले होते.

आणि ऐका, यातल्या काही घरांना हे पहिल्यांदा नव्हतं. १९३० च्या दशकात त्याच भागात नॉरिस धरण झालं, तेव्हा काही कुटुंबं बुडीत क्षेत्रातून उठून इथं आली होती, काही ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या राष्ट्रीय उद्यानासाठी हटवलेली. ज्या धरणानं त्यांना उठवलं त्याच धरणाची वीज आहे म्हणून कारखाना तिथं आला आणि पुन्हा उठवलं. तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यांनाही का उठवताय ते सांगितलं नव्हतं, युद्धासाठी हवं आहे एवढंच. राज्याचे गव्हर्नर प्रेंटिस कूपर यांनासुद्धा आधी विश्वासात घेतलं नाही, हुकुमाचा कागद एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती पोचला तेव्हा त्यांनी तो फाडून टाकला म्हणतात. गव्हर्नरची ही गत तर शेतकऱ्याचं काय. त्या भागात जॉन हेंड्रिक्स नावाचा एक माणूस होऊन गेला, १९१५ मध्ये वारला, त्यानं म्हणे सांगून ठेवलं होतं की बेअर क्रीकच्या दरीत मोठमोठे कारखाने होतील आणि सगळ्यात मोठं युद्ध जिंकायला त्यांची मदत होईल. खरं खोटं देव जाणे, पण गाव गमावलेल्या लोकांनी ही गोष्ट जपून ठेवली यात मला नवल वाटत नाही. आपलं गाव फुकट गेलं नाही, ते आधीच ठरलेलं होतं, असं मानलं की रात्री जरा झोप लागत असेल.

व्हीटचं एक चर्च तेवढं पाडलं नाही, पांढऱ्या रंगाचं, टेकाडावर अजून उभं आहे. युद्धानंतर विस्थापितांच्या घरातली माणसं वर्षातून एकदा तिथं जमायला लागली, डबे आणायचे, गाणी म्हणायचे, कबरींवर फुलं ठेवायचे.

प्रश्न : गाव नवं, सरकारनं स्वतः वसवलेलं, म्हणजे जुना भेदभाव तरी नसेल? काळ्या कामगारांना तिथं कसं ठेवलं होतं?
— एक निवृत्त शिक्षक, इंदोरा

उत्तर : सर, नव्या गावातसुद्धा गावकुसाबाहेरची जागा आधी आखली होती. मुद्दाम आखली होती. सुरुवातीच्या नकाशात काळ्या कुटुंबांसाठी बऱ्यापैकी घरांची वस्ती दाखवलेली होती, पण गोऱ्या कामगारांची गर्दी वाढली तशी ती घरं त्यांना देऊन टाकली आणि काळ्या कामगारांच्या वाट्याला आले हटमेंट. प्लायवूडची चौकोनी खोली, १६ फूट बाय १६ फूट, त्यात चार-पाच माणसं, मधोमध एक शेगडी, खिडकीला काच नाही, नुसती झडप, संडास-बाथरूम बाहेर आणि सगळ्यांचं मिळून. गोरे मजूरही काही हटमेंटमध्ये राहायचे, पण त्यांना दुसरं काही मिळू शकत होतं, यांना नव्हतं. नवरा-बायको दोघंही कामावर असले तरी एकत्र राहायला बंदी, बायकांचे हटमेंट वेगळे आणि त्याभोवती कुंपण, गेटवर पहारेकरी, रात्रीच्या ठरलेल्या वेळेनंतर बंद. लोक त्या जागेला पेन म्हणायचे, म्हणजे कोंडवाडा. मुलं आणायची नाहीत, ती गावी आजीकडे. पगार मात्र दक्षिणेतल्या शेतमजुरीपेक्षा बराच होता, म्हणून अलाबामा-जॉर्जियाहून लोक येत राहिले.

१९४५ च्या शेवटी शिकागो डिफेंडर या काळ्या समाजाच्या वर्तमानपत्राचा बातमीदार तिथं जाऊन आला, त्यानं लिहिलं की ठरवून, प्लॅन करून झोपडपट्टी बांधलेलं गाव आपण पहिल्यांदाच पाहिलं.

आणि एक नाव सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. एब केड. बांधकामावरचा काळा मजूर, वय ५३. मार्च १९४५ मध्ये कामावर जाताना गाडीचा अपघात झाला, हातपाय मोडले, ओक रिजच्या लष्करी दवाखान्यात आणलं. १० एप्रिलला त्याला न विचारता, न सांगता त्याच्या शरीरात प्लुटोनियम या किरणोत्सारी धातूचं इंजेक्शन दिलं, शरीर ते किती बाहेर टाकतं ते बघायला. मोडलेली हाडं बसवायची होती, तीही नमुना घ्यायचा म्हणून थांबवली, आणि त्याचे १५ दात काढून घेतले. माणसावर झालेला प्लुटोनियमचा हा पहिला प्रयोग. तो १९५३ मध्ये हृदयविकारानं गेला. हे सगळं सरकारनं जगापुढे नीट मांडलं ते १९९० च्या दशकात. सर, लाँड्रीतल्या बाईला टिकटिक कशाची ते माहीत नव्हतं आणि एब केडला आपल्याच रक्तात काय आहे ते माहीत नव्हतं. न सांगण्याची सवय लागली की ती कारखान्याच्या गेटाशी थांबत नाही.

पुढचं थोडं बरं आहे. सप्टेंबर १९५५ मध्ये, काळ्या लोकांसाठी वसवलेल्या नव्या स्कारबोरो वस्तीतली ८५ मुलं ओक रिजच्या गोऱ्या शाळांमध्ये दाखल झाली, टेनेसीतल्या सरकारी शाळांमध्ये हे पहिल्यांदा घडलं. आपल्या दीक्षाभूमीवरच्या १९५६ च्या सोहळ्याच्या आदल्या वर्षी. त्या मुलांपैकी बरेच जण सांगतात की वर्गात बसायला मिळालं, पण संघात खेळायला आणि गावात दुकानात बसून खायला मिळायला अजून वर्षं गेली.

प्रश्न : मग कळलं कधी? आणि कळल्यावर त्या लोकांना वाईट वाटलं का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ६ ऑगस्ट १९४५. हिरोशिमावर बॉम्ब पडला आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचं निवेदन रेडिओवर आणि पेपरांत आलं, त्यात ओक रिजचं नाव होतं. त्यात असंही होतं की तिथले लोक भरपूर सामान आत जाताना बघतात आणि बाहेर काहीच येताना दिसत नाही, आणि काय बनवतोय हे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणजे बघा, आपल्या हातानं काय झालं हे त्या मुलींना बाकी सगळ्या जगाबरोबरच कळलं. त्या बॉम्बमधलं ६४ किलो युरेनियम ओक रिजमध्ये वेगळं केलेलं होतं.

वाईट वाटलं का याचं एकच उत्तर नाही. आधी आनंद झाला, हे मान्य करायला हवं. रस्त्यावर लोक नाचले, कारण जवळपास प्रत्येकीचा भाऊ, नवरा किंवा मित्र लढाईवर होता आणि तो आता जिवंत परत येणार होता. फोटो आहेत, हातात मोठ्या मथळ्याचा पेपर घेतलेली हसरी माणसं. मग हळूहळू हिरोशिमाची माहिती येत गेली, वर्षअखेरपर्यंत मेलेल्यांचा आकडा १,४०,००० च्या आसपास, आणि काही जणी आयुष्यभर त्याबद्दल गप्प राहिल्या. काहींनी म्हातारपणी मुलाखतीत सांगितलं की अभिमान वाटतो, काहींनी सांगितलं की रडू आलं, आणि काहींनी एकाच मुलाखतीत दोन्ही सांगितलं, मला त्या सगळ्यात खऱ्या वाटतात. ज्यांना आधीपासून माहीत होतं असे थोडे शास्त्रज्ञ होते, त्यांच्यातल्या काहींनी जुलै १९४५ मध्येच अर्जावर सह्या केल्या होत्या की वापरण्याआधी जपानला त्याची ताकद दाखवा, इशारा द्या. तो अर्ज राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचलाच नाही. विरोध करायचा हक्क बजावायला आधी माहिती लागते, आणि ती ७५,००० पैकी मूठभरांकडेच होती, म्हणून गावाला वाईट वाटलं का हा प्रश्न मी गावाला विचारणार नाही, न सांगणाऱ्यांना विचारेन.

प्रश्न : टीचर, ओक रिज आता नकाशावर आहे का? आम्ही वर्गात शोधलं तर सापडलं. मग गुप्त कसं?
— इयत्ता आठवीचा एक वर्ग, महाल

उत्तर : शाबास, शोधलंत हे फार छान केलं! आता गुप्त नाही. १९ मार्च १९४९ ला गावाची गेटं सगळ्यांसाठी उघडली, मोठा समारंभ झाला, उपराष्ट्राध्यक्ष आले, मिरवणूक निघाली, सिनेमातली माणसं आली. गंमत म्हणजे तेव्हा गावातल्याच बऱ्याच लोकांना गेट उघडायला नको होतं, कुंपणामुळे चोऱ्या होत नाहीत म्हणायचे. १९५९ मध्ये ते रीतसर शहर झालं. एक्स-१० मधली अणुभट्टी १९४३ ते १९६३ चालली, तिथून १९४६ पासून दवाखान्यांना औषधोपचारासाठी किरणोत्सारी पदार्थ मिळायला लागले, ती आता बघायला ठेवली आहे. के-२५ ची ती भली मोठी इमारत पाडून झाली २०१३ मध्ये. आणि गावातल्या बागेत जपानमध्ये ओतलेली एक मोठी घंटा आहे, मैत्रीची घंटा म्हणतात, ती १९९६ मध्ये बसवली. तिला लाकडाच्या ओंडक्यानं वाजवायचं असतं, येणारी लहान मुलं रांग लावून वाजवतात. तिच्या अंगावर चार तारखा आहेत. पर्ल हार्बर, हिरोशिमा, नागासाकी आणि युद्ध संपल्याचा दिवस. या चारही तारखा वर्गात शोधा आणि मला लिहून पाठवा, पुढच्या अंकात तुमच्या वर्गाच्या नावानं छापते.